कोपऱ्यावरच्या पंपावर पेट्रोल भरू नये

वारजे,
५ फेब्रुवारी

चि. सौमित्र,

आशीर्वाद. मोठ्या बहिणीचा आशीर्वाद आपोआप जातो, त्याला तुझी परवानगी लागत नाही. बाकी सगळ्याला लागते असं दिसतंय, कारण तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस. आधी मला वाटलं नेटवर्क गेलं. मग यांच्या फोनवर तुझा फोटो दिसला आणि माझ्या फोनवर दिसेना. मी शाळेत जन्मभर कॉप्या पकडल्या आहेत, एवढं मला कळतं. संक्रांतीला माझ्या हातचा तिळगूळ खाऊन गेलास आणि महिना संपायच्या आत हे! गोड बोलायची मुदत पंधरवड्याचीच असते का? म्हणून हे पत्र. पोस्टाला अजून ब्लॉक करता येत नाही.

तुला राग कशाचा आलाय ते मला ठाऊक आहे. तरी एकदा माझ्या तोंडून ऐक, कारण तुझ्या बायकोने तिखटमीठ लावूनच सांगितलं असणार. सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलेबी झाली आणि अनिरुद्ध बोलायला उभा राहिला. अनिरुद्ध म्हणजे आमचा नवा चेअरमन. आयटीतला, चाळिशीचा, दर वाक्याला 'बेसिकली'. त्याने फोनवर आलेला एक मेसेज वाचून दाखवला. सगळ्यांनी मिळून एकाच कंपनीचं पेट्रोल घेणं बंद केलं, तर त्या कंपनीला दर उतरवावाच लागेल, आणि तिने उतरवला की बाकीच्यांनाही. टाळ्या पडल्या. मग प्रश्न आला, सुरुवात कुठून? कोपऱ्यावरचा पंप नीरजाताईंच्या भावाचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. माझ्याकडे कुणी बघेना. लोक असे मुद्दाम बघेनासे झाले की माझं डोकं फिरतं. म्हणजे उद्यापासून जिन्यात कुजबुज, की काकूंच्या भावासाठी सगळं अडलं. मी उठले आणि म्हणाले, "सुरुवात घरापासून. माझ्या भावाच्या पंपापासून करा."

पक्षपात नको, एवढंच माझ्या मनात होतं. तुला वाटतं तसा कोणताही हिशेब नव्हता.

फाटकावरची पाटी माझीच. अक्षर तू ओळखलं असशील. "या सोसायटीतील वाहने कोपऱ्यावरील पंपावर पेट्रोल भरत नाहीत. कारण विचारू नये." शेजारच्या सोसायट्यांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली.

आता सरळ विचारते. दर ठरवतं कोण? तू म्हणतोस कंपनी. कंपनी म्हणते परदेशातला बाजार. पेपरात म्हणतात कर. वर्गात सगळी मुलं एकमेकांकडे बोट दाखवायला लागली की समजावं, कॉपी त्या बाकांवरून फिरली आहे. तू म्हणतोस, तुला लिटरमागे ठरलेलं कमिशन, दर चढो की उतरो. मला हे पटत नाही. मांजरी गावातला तुझा नवा फ्लॅट कमिशनवर झाला का? राग येऊ देऊ नकोस. आलाच तर लिहून कळव.

तुझी ताई


वारजे,
१७ फेब्रुवारी

चि. सौमित्र,

पत्र पोचलं म्हणायचं. काल दवाखान्यातून येताना रिक्षा तुझ्या पंपावरून आली. (रिक्षा सीएनजीवर होती. बहिष्कार शाबूत आहे.) आत शिरायच्या वाटेवर तू फळा लावलायस. "हवा फुकट मिळेल. सल्ले बाहेर द्यावेत." अक्षर तुझं, टोमणा मला. म्हणजे मी चार पानं लिहायची आणि तू चौकात फळा लावायचा! रिक्षावाला वाचून खो खो हसला. मला विचारतो, "कुणाला हो म्हटलंय हे?" मी म्हटलं, असेल कुणीतरी शहाणी.

पण आज वेगळंच लिहायचं आहे. मला आमच्याच लोकांचा संशय यायला लागलाय. पेट्रोल घेणं बंद केलं तर गाड्या थांबायला हव्यात की नाही? एकसुद्धा थांबलेली नाही. रोज सकाळी पार्किंग पूर्वीसारखंच धडधडत रिकामं होतं. मी अनिरुद्धला लिफ्टपाशी गाठलं.

"तू पेट्रोल कुठे भरतोस रे?"

"ऑफिसजवळ, काकू. हिंजवडीला."

"कुठल्या कंपनीचा पंप?"

त्याने नाव सांगितलं. तुझीच कंपनी! मी म्हटलं, अरे, मग बहिष्कार कुणावर? तर म्हणतो, "काकू, बेसिकली बॉयकॉट लोकल आहे. वरपर्यंत मेसेज जातो ना." कुणाकडून जातो विचारलं, तर त्याची लिफ्ट आली.

मग मी एकेकाला धरून विचारलं. कुणी कोथरूडला भरतो, कुणी चांदणी चौकात, कुणी नवऱ्याला पाठवते. सगळ्यांची टाकी भरलेली आणि सगळ्यांची मान ताठ. गवळी तोच, फक्त बादली बदलली आहे. कंपनीचं एक थेंब पेट्रोल तरी कमी खपलं का? उलट आधी कोपऱ्यावर जाणारे आता चांदणी चौकापर्यंत जातात, म्हणजे चार थेंब जास्तच जाळतात.

मला दाट संशय आहे की या अनिरुद्धचं त्या दुसऱ्या पंपाशी काहीतरी आहे. कुणी उगाच इतका पुढे पुढे करतो का? दुसरा संशय तुझ्यावर आहे. तुझा खप पडलाय म्हणून तू कण्हत असशील असं मला वाटत होतं, तर तू फळे लावतोयस. म्हणजे पडलेला नाही. की पडलाय आणि दाखवत नाहीस? लहानपणी ताप असला तरी तू शाळेत जायचास आणि तिथे पडायचास.

आणि घरातही काहीतरी शिजतंय. आमच्या स्कूटरचा काटा तीन आठवडे हललेला नाही. हे सारखे बुधवार पेठेत जातात, रेडिओचा पार्ट आणायला. पार्ट येत नाही, रेडिओ बोलत नाही, आणि हे मात्र खुशीत. काल जेवताना मी तत्त्व म्हणजे काय ते यांना सांगत होते, तर ताकाचा घोट घेऊन म्हणतात, "खरंय. पोस्टाला ब्लॉक करता येत नाही." घास माझ्या हातातच राहिला. हे वाक्य मी या पृथ्वीतलावर फक्त तुला लिहिलं होतं.

मी यांना आणखी ताक वाढलं. चोराला आपण पकडलं गेलोय हे कळू द्यायचं नसतं.

ताई


वारजे,
२९ फेब्रुवारी

सौमित्र,

पाहिलं मी तुम्हा दोघांना.

आज हे पुन्हा बुधवारात निघाले. मी रिक्षा केली आणि मागून गेले. बुधवार कसला? कोपरा वळले आणि थेट तुझ्या पंपावर! स्कूटर लावली, पेट्रोल भरून घेतलं आणि तुझ्या केबिनमध्ये जाऊन पंख्याखालच्या खुर्चीत असे बसले, जशी ती त्यांच्या नावावर आहे. तू चहा ओतलास. मग खिशातून कागद काढलास आणि वाचायला लागलास, आणि हे मांडीवर थाप मारून हसायला लागले. माझं पत्र होतं ते. नाही म्हणू नकोस.

उतरून आत यावं आणि दोघांचे कान धरावेत असं वाटलं. उतरले नाही. कारण तेवढ्यात तू बाहेर आलास आणि मी तुला नीट पाहिलं. किती वाळलायस रे! शर्ट खांद्यावरून ओघळतोय. तीन यंत्रांवर पोती टाकलेली, चालू एकच. पेट्रोल भरायलासुद्धा तूच. आणि फळ्यावर नवीन मजकूर. "हा पंप एक एप्रिलपासून बंद. कारण विचारू नये."

माझंच वाक्य मला परत. चांगलं लागलं, काळजी करू नकोस.

घरी आल्यावर यांना उभं केलं. हे म्हणाले, "बहिष्कार तुझा आहे, माझा नाही. ठराव झाला तेव्हा मी आंघोळ करत होतो." मग सांगितलं ते असं. तुझं गिऱ्हाईक म्हणजे या पाच-सहा सोसायट्याच. हायवेच्या गाड्या आत कशाला वळतील? संध्याकाळच्या पाळीची माणसं तू कमी केलीस. चंद्रभागाबाई किती वर्षं होती तुझ्याकडे? तिलाही नाही म्हणालास आणि मग केबिनचं दार लावून बसलास. हे सगळं महिनाभर यांना माहीत, आणि मी घरात तत्त्व शिकवतेय! मी यांना म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सौमित्रने तुम्हाला फितवलंय."

म्हणाले असते. तो भाग खरा आहे.

मी रडले, सौमित्र. मोठ्याने रडले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ लागली. तरीही मनात आलंच, की एक एप्रिल ही तारीख कशी निवडलीस? मला फसवायला फळा लावलास ना? नाटक असेल तर मी देवीची ओटी भरते, नारळ देते, पण नाटक आहे असं सांग. मला एकच भाऊ आहे. पंप गेला तर तू मांजरीलाही राहायचा नाहीस, मुलीकडे बंगळूरला जाशील आणि तिथून आयुष्यात मला फोन करणार नाहीस. मी तुला ओळखते.

संध्याकाळी मी अनिरुद्धकडे गेले आणि म्हटलं, हे थांबव. दर उतरत नाही, माझा भाऊ उतरतोय. तो म्हणाला, "काकू, आता मोमेंटम आलाय." ग्रुपवर मतदान घेतलं. सगळ्यांचे अंगठे चालू ठेवण्याच्या बाजूने. खाली कुणीतरी लिहिलं, "काकूंचं भावाशी सेटिंग झालेलं दिसतंय." मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. जन्मभर मी लोकांवर संशय घेतला, माझ्यावर घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती. अंग असं गरम झालं, जसं भर वर्गात कुणीतरी माझीच झडती घेतली.

ताई


वारजे,
१६ मार्च

सौमित्र,

पेट्रोल उतरलं. तुला माझ्या आधी कळलं असणार. सकाळी सहाला ग्रुपवर अनिरुद्धने भांगडा करणारी माणसं पाठवली. "वी डिड इट." संध्याकाळी क्लबहाउसमध्ये पेढे, आणि 'चळवळीच्या प्रणेत्या' म्हणून मला शाल आणि श्रीफळ. बहिष्कार मोडायला निघालेली बाई पंधरा दिवसांत प्रणेती! जिंकल्यावर कुणालाच काही आठवत नाही.

मला हे पचेना. वारज्यातल्या पाच सोसायट्या पेट्रोल चांदणी चौकातून आणतात म्हणून अख्खी कंपनी हादरली? मी लातूरला माझ्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. तिथेही उतरलंय. दुसरीला कोल्हापूरला लावला. तिथेही, तेवढंच. मी विचारलं, तुमच्याकडे कुणी बहिष्कार घातला होता का? ती म्हणाली, "बहिष्कार? इथे गाडी बंद पडली तर माणूस ढकलत पंपावर नेतो." आणि उतरलं ते सगळ्याच कंपन्यांचं उतरलं, एकाच दिवशी, एकाच मापाने. हे म्हणाले, अगं, निवडणुका जवळ आल्या की बऱ्याच गोष्टी उतरतात. मला एवढंच समजलं, की आमचा कोंबडा आरवला त्याच वेळी सूर्य उगवत होता.

तरीही मी शाल घ्यायला जाणार होते. खोटं कशाला सांगू? कुणी मला याआधी शाल दिलेली नाही. साडीसुद्धा नेसले. तेव्हा हे सोफ्यावरून हळूच म्हणाले, "आज सौमित्रला चांगलाच फटका बसला." मी म्हटलं, स्वस्त झालं तर त्याला फटका कसला? मग यांनी समजावलं. तुझ्या जमिनीखालच्या टाक्यांमधला माल जुन्या दराने, पैसे आधी भरून घेतलेला. रात्रीत दर उतरला की तोच माल सकाळपासून नव्या दराने विकायचा, खोट तुझी. एरवी टाकी निम्मी असते म्हणून निम्मी खोट. या वेळी टाक्या भरलेल्या होत्या. का, तर आम्ही घेत नव्हतो.

म्हणजे आम्ही दर पाडला नाही ते नाहीच, आणि तो पडला तेव्हा तुझ्या डोक्यावर पडेल अशी सोय मात्र करून ठेवली.

मी क्लबहाउसला गेले. माईक हातात आल्यावर हे सगळं सांगितलं, लातूर, कोल्हापूर, तुझ्या टाक्या, सगळं. कुणी अंगावर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. सगळे पेढ्याच्या खोक्याकडे बघत होते. अनिरुद्ध म्हणाला, "काकू इमोशनल झाल्यात, आपण समजू शकतो." त्याच्याबद्दलचा माझा संशय खोटा निघाला, हेही कळवते. त्याचं कुठल्याच पंपाशी काही नाही. त्याला मनापासून वाटतं की आम्ही जिंकलो. याचा मला जास्त त्रास झाला.

शाल तिथेच खुर्चीवर ठेवली. फाटकापाशी स्टूल नेलं आणि पाटी मीच काढली. खिळा निघेना, तेव्हा यांनी स्टूल धरलं.

ताई


वारजे,
१९ मार्च

सौमित्र,

कालचं तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतास. तरी लिहिते. तुझी बाजू तू सांगणार नाहीस, निदान माझी तरी कागदावर असू दे.

यांनी स्कूटर आधीच भरून ठेवली होती. भरलेली टाकी घेऊन तुझ्याकडे कुठल्या तोंडाने येऊ? म्हणून दोन दिवस खडकवासल्यापर्यंत चकरा मारल्या, या वयात. काटा तळाला टेकला तेव्हा निघाले. हेल्मेट घातलं, तू लांबून ओळखू नयेस म्हणून. पण पुण्यात हेल्मेट घातलेली बाई उलट लांबूनच ओळखू येते.

पंपावर कुणी नव्हतं. तू केबिनमधून आलास, माझ्याकडे न बघता पाईप हातात घेतलास. मी म्हटलं, टाकी फुल कर. तू यंत्राकडे बोट केलंस आणि म्हणालास, "मॅडम, झिरो बघून घ्या."

मॅडम! मी तुला कडेवर घेऊन पर्वती चढले आहे. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. माझ्या तोंडाशी दहा वाक्यं आली होती, घरून घोकून आणली होती, क्षमेचंही एक होतं. एकही निघालं नाही. झिरो बघितल्याशिवाय मी जन्मात कधी पेट्रोल घेतलं नाही, सौमित्र, कुठल्याच पंपावर, तुझ्यासुद्धा. काल बघितला नाही. किती भरलंस तेही वाचलं नाही. तू मान खाली घालून पाईप धरला होतास आणि तुझ्या मानेमागचे केस पिकलेले मला पहिल्यांदा दिसले. त्यांच्याकडे बघत राहिले.

पैसे घेतलेस, सुटे मोजून परत दिलेस, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणालास, "चला, पुढचे या."

मी मागे वळले. तिथे कुणीच नव्हतं. रस्त्यापर्यंत कुणी नव्हतं. तुझ्या तोंडात इतक्या वर्षांची सवय बसलेली, तू सहज बोलून गेलास आणि तुलाही ते कळलं, कारण तू पाईप तसाच हातात धरून उभा राहिलास. तुझा एक एप्रिलचा फळा तिथेच होता. त्याचं कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही, ते मला माहीतच होतं.

मग मी स्कूटर चालू केली, बाहेर गेले, तुझ्या भिंतीला वळसा घातला आणि पुन्हा आत आले. पुढचे या म्हणालास ना? आले. सीट उघडली, झाकण काढलं, म्हटलं, टाकी फुल.

तू टाकीत वाकून बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. पाईप परत यंत्राला अडकवलास आणि म्हणालास, "ताई, आता मावणार नाही."

एवढंच बोललास आणि आत निघून गेलास. जाताना तू हसलास असा मला संशय आहे. पण हेल्मेटच्या काचेवर धूळ होती, खात्रीने सांगता येत नाही. उद्या हेल्मेट न घालता येते.

ताई